लाँच लागेपर्यंत

निकेतशी माझी ओळख झाली तेव्हा मी झोपले होते. घोरत नव्हते, असं मी म्हणते. तो वेगळं सांगतो.

काळ्या घोड्याजवळच्या मोठ्या गॅलरीत एक लांब बाक आहे. त्या दिवशी समोर भिंतभर एक निळं चित्र होतं. ऑफिस सुटल्यावर मी जाऊन बसले, निळ्याकडे बघत राहिले आणि मान कधी कलली ते कळलंच नाही. बाक जरासा हलला म्हणून जाग आली. डोळे नीट उघडलेही नव्हते, तरी मी विचारून मोकळी झाले, "लाँच लागली का?"

मुंबईत चित्रांच्या प्रदर्शनात असा प्रश्न विचारणाऱ्या बाईला लोक लांबूनच नमस्कार करतात. पण बाकाच्या दुसऱ्या टोकावरून शांतपणे उत्तर आलं.

"मोऱ्याला अजून चिखलच असेल. झोपा आरामात... पाणी भरलं की उठवतो."

मी ताडकन सरळ बसले. चष्मा लावलेला एक मुलगा मांडीवर पिशवी घेऊन बसला होता आणि माझ्याकडे न बघता, अगदी सभ्यपणे, त्या निळ्या चित्राकडे बघत होता. ओठ मात्र हसू दाबून दाबून वाकडे झाले होते.

"तुम्हाला काय माहीत मी मोऱ्याची?"

"चतुर्दशीच्या संध्याकाळी गॅलरीत झोपतं कोण? एक तर मोऱ्याचं, नाही तर रेवसचं. रेवसचा मी आहे. म्हणजे उरलं मोरा."

आता हे जरा समजावून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, काय बडबडतायत ही दोघं. मी उरणजवळच्या मोऱ्याची, कल्पिता. फोर्टमध्ये एका कस्टम क्लिअरिंगवाल्याच्या ऑफिसात काम करते. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने जाते-येते; पलीकडच्या रेवसची लाँचही तिथूनच सुटते. पण पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास नेमकी संध्याकाळी मोठी ओहोटी असते. मोऱ्याच्या जेट्टीपाशी नुसता गाळ उरतो, आणि पाणी परत चढेपर्यंत लाँच लागत नाही. ऑफिस तर वेळेवर सुटतं. मग मधला वेळ काढायचा कुठे? त्या भागात कॉफी प्यायला बसायचं म्हणजे आमच्याकडे घरभर पुरेल एवढ्या मासळीचे पैसे घालवायचे. फुटपाथवर उभं राहावं तर लोक बघतात. असंच एकदा पावसाची सर चुकवायला गॅलरीच्या दारात शिरले. आत यायचे पैसे नाहीत. गार हवा, बसायला बाक, स्वच्छ बाथरूम, आणि 'काय पाहिजे' असं कुणीही विचारत नाही. मी मनात म्हटलं, देवा, ही जागा इतके दिवस कुठे लपवली होतीस?

उरणला आता रेल्वे आली आहे, हे मलाही ठाऊक आहे. आई रोज सांगते. पण आमचं घर मोऱ्याच्या धक्क्यापासून चार पावलांवर आणि स्टेशन पार दुसऱ्या टोकाला. शिवाय मला लाँच आवडते. शिवाय... पुढे निकेत आवडायला लागला.

तो चष्म्याच्या काचांच्या घाऊक दुकानात होता. फोर्टातल्या दुकानांना काचा पोचवायच्या, की याचं काम संपलं. बोलताना चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायची सवय. चष्मा काढला की डोळे एकदम लहान मुलासारखे दिसायचे. मी तेवढ्यापुरतं त्याच्याकडे नीट बघून घ्यायचे, कारण तेव्हा त्याला मी धूसर दिसायचे.

"बघून झालं?" एकदा त्याने चष्मा पुसता पुसता विचारलं.

"काय?"

"नाही... मी हळू पुसतोय. घाई नाही."

माझे कान तापले. मी उठून पुढच्या चित्रापाशी गेले. तोही आला.

दर पंधरवड्याला आमचे तीन-चार दिवस असे यायचे. अमावास्येचे आणि पौर्णिमेचे. मधले दिवस मला फार कंटाळवाणे जायला लागले. त्या तीन-चार दिवसांत आम्ही फुकटात बघता येईल ते सगळं बघितलं. मोठ्या गॅलरीत चित्रं बदलली की आधी तिथे. मग गल्ल्यांतल्या छोट्या गॅलऱ्या. तिथलं काचेचं जड दार पहिल्यांदा मी निकेतलाच ढकलायला लावलं होतं. आतली मुलगी इतकी सुंदर कपडे घालून बसलेली की वाटलं, ही आता हाकलणार. तिने मान वर करून फक्त 'या' म्हटलं. एकदा ऑफिसला सुट्टी आणि एका बँकेचं नाण्यांचं संग्रहालय चालू असा योग आला, तर तिथेही गेलो. काचेखाली ठेवलेली नाणी बघत निकेत म्हणाला, "एवढे पैसे एका ठिकाणी, आणि बघायला एक पैसा नाही."

चित्रांतलं आम्हाला काही कळत नव्हतं. पण बघत राहिलं की हळूहळू आवडतं-नावडतं एवढं कळू लागतं. निकेतला माणसं असलेली चित्रं आवडायची. मला मोकळी. तो म्हणायचा, "तुझ्या चित्रात कुणी नाहीच." मी म्हणायचे, "मग तू जाऊन उभा राहा."

एका चित्राखाली लाल टिकली चिकटवलेली होती. मी विचारलं, हे काय?

"विकलं गेलं. टिकली लावली की दुसऱ्याने मागायचं नाही."

"आमच्याकडे बाईच्या कपाळावर लावतात, अर्थ तोच."

तो हसला. मग माझ्या कपाळाकडे बघून, जरा थांबून म्हणाला, "तू तर रोज टिकली लावून येतेस. मी काय समजायचं?"

"मी काळी लावते."

"काळीचा अर्थ?"

"अजून... बोलणी चालू."

हे मी तोंडाला आलं म्हणून बोलून गेले. पण ते खरंच निघालं. त्याच आठवड्यात मामाने पालीचं स्थळ आणलं. मुलाचे ट्रक होते, घर पक्कं होतं, फोटोत मुलगा गॉगल लावून ट्रकला टेकला होता. रविवारी बघायला येतो म्हणाले. आईने पडदे धुतले. मला काही बोलताच येईना, कारण निकेतने मला अजून काही विचारलं नव्हतं. आणि न विचारलेल्या गोष्टीसाठी घरात भांडायचं कसं? रविवारी ती माणसं चहा पिऊन 'पसंत' म्हणाली, तर माझं मुंबईला जाणं, तो बाक, तो मुलगा, सगळं तिथेच संपणार होतं. एवढंच मला कळत होतं, आणि त्यानेच झोप उडाली होती.

निकेतला मी सांगितलं. धक्क्यावरच सांगितलं. ओहोटीच्या दिवसांत आम्ही बरोबरच तिथे जायचो. मोऱ्याची लाँच आली की तो म्हणायचा, "तू जा, माझी मागून आहे," आणि मी चढायचे. त्या संध्याकाळी पालीचं ऐकून त्याने चष्मा काढला आणि पुसलाच नाही, नुसता हातात धरून उभा राहिला.

"शुक्रवारी भेटशील? गल्लीतल्या गॅलरीत नव्या प्रदर्शनाचं उद्घाटन आहे. मला... बोलायचं आहे."

मी हो म्हटलं.

शुक्रवारी मी नवा ड्रेस घातला. उद्घाटनाला चहा होता, बिस्किटं होती, वाटीत काजू होते, आणि एवढी माणसं की बोलायला कोपरा मिळेना. शेवटी मातीच्या मोठ्या घड्यांच्या एका रांगेमागे आम्ही उभे राहिलो. निकेत म्हणाला, "कल्पिता, रविवारी..." आणि चित्रकाराचं भाषण सुरू झालं. ते संपलं तेव्हा बराच उशीर झाला होता. टॅक्सीत तो खिडकीबाहेर बघत होता आणि मी माझ्या खिडकीबाहेर. मध्ये सीटवर आमचे हात होते, एकमेकांना लागून. त्याने करंगळी माझ्या करंगळीवर ठेवली. धक्का येईपर्यंत दोघांनीही हात हलवला नाही. बोलायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

"घरी काय सांगशील?" त्याने उतरताना विचारलं.

"नेहमीचंच. ओहोटी होती, लाँच उशिरा लागली."

घरी बाबा पडवीत बसले होते. माझे बाबा, बुधाजी. आता त्यांचा एक ट्रेलर बंदरावर चालतो, पण उमेदीची वर्षं सगळी मिठागरात गेली. उधाण आलं की बांधाचं दार उघडून खाडीचं पाणी आत घ्यायचं, हेच त्यांचं काम. भरतीची वेळ कुणी खोटी सांगितली तर बांध फुटतो आणि वर्षाचं मीठ वाहून जातं. म्हणून मला नोकरीला पाठवताना त्यांनी एकच अट घातली होती. उशीर झाला तरी चालेल, पण कारण खरं सांगायचं.

"उशीर झाला, बाय?" ते म्हणाले.

"ओहोटी होती ना बाबा. लाँच लागतच नव्हती."

आईने ताट वाढलं. मी पहिला घास घेतला तेव्हा त्यांनी विचारलं, "आज तिथ कंची हाय?"

माझा हात ताटातच थांबला. अष्टमी. अष्टमीला संध्याकाळी भरती असते. पाणी जेट्टीच्या पायऱ्यांवर चढलेलं असतं, लाँच दारात यावी तशी लागते. हे आमच्या गावात शेंबडं पोरही सांगतं. मी मिठागरवाल्याची मुलगी, आणि मी बापाला पाण्याबद्दल थाप मारली होती. तीही अष्टमीला. इतके महिने आम्हाला पाण्याने भेटवलं आणि त्या दिवशी आम्ही पाण्याला न विचारता भेटलो, म्हणून तिथीचा विसर पडला. प्रेमात अक्कल जाते म्हणतात ती अशी जाते.

"गॅलरीत होते," मी म्हटलं. "चित्रं बघत."

"चित्रं," बाबा म्हणाले. "रातच्याला."

"खरंच बाबा. फुकट असतं."

"फुकट कोन काय देतंय?" आई आतून म्हणाली. "सोड म्हनावं ती नोकरी. परवा पालीची मानसं येनार, आन् हिचं हे."

बाबांनी हात धुतले. "उद्या शनवार. तुजा हाफ डे. मी येतो तुज्यासंगं. बघू दे मला बी, काय बघतेस ती."

मी निकेतला निरोप पाठवला, 'उद्या बाबा येतायत. सांभाळून.' दुसरं काय लिहावं ते सुचलं नाही.

शनिवारी दुपारी बाबा मोठ्या गॅलरीच्या पायऱ्यांशी थांबले. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, लग्नाला घालतात तो. आत नजर टाकली, चकचकीत फरशी बघितली, आणि दारातच चपला काढल्या.

"काका, चप्पल चालेल आत," वॉचमन म्हणाला.

"ऱ्हाऊ दे. कुनी एवढ्या म्हेनतीनं चित्रं काढल्यात."

खरं सांगते, मला क्षणभर लाज वाटली. कॉलेजची मुलं वळून बघत होती. आणि मग लाज वाटल्याचीच लाज वाटली. बाबा मात्र अनवाणी, हात मागे बांधून, एकेका चित्रापुढे उभे राहत होते. घाई नाही. एका चित्रापुढे तर इतका वेळ थांबले की मीच अस्वस्थ झाले. कुणी पैसे मागत नाही ना, हे त्यांनी दोनदा दाराकडे बघून तपासलं.

"ए.सी. हाय," ते हळूच म्हणाले.

"हो."

"आन् कुनी हाकलत न्हाय?"

"नाही बाबा."

"चांगलं हाय मंग."

तेवढ्यात निकेत आला. दारातून त्याने आम्हाला बघितलं. आधी माझ्याकडे, मग बाबांकडे, मग बाबांच्या पायांकडे. तो तिथेच थांबला, वाकला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला. बूट काढून त्याने बाबांच्या चपलांशेजारी लावून ठेवले. डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. तसाच तो चालत आला.

त्याने काहीही विचारलं नसतं तरी माझं उत्तर ठरलं, ते तेव्हा. डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी एका चित्राकडे तोंड केलं.

"नमस्कार काका. मी निकेत. रेवसचा."

बाबांनी त्याला वरपासून मोज्यापर्यंत बघितलं. "रोज जाऊन-येऊन करतोस?"

"हो."

"काल?"

निकेतने माझ्याकडे एक चोरटी नजर टाकली. मी मान हलवणार एवढ्यात तो बोलून गेला, "काल फार उशीर झाला काका. ओहोटी होती. हिची पण लाँच लागत नव्हती, माझी पण."

मी डोळे मिटले.

"काल अष्टमी," बाबा म्हणाले.

"हो..."

"रेवसचा ना तू?"

"हो."

"मंग तुला ठाव न्हाय, अष्टमीला सांजचं पानी कुटं असतंय?"

"माहीत आहे काका," निकेत म्हणाला. "पण हिने घरी ओहोटी सांगितली होती."

"म्हंजी पोरीनं सांगितलं म्हनून पानी उतरलं?"

निकेतने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आणि काका... मी रोज रेवसला जात नाही. रेवसला आईवडील आहेत, मी रविवारी जातो. एरवी डॉकयार्डला मावशीकडे राहतो."

आता मी वळले. "काय? मग धक्क्यावर रोज कशाला यायचास?"

"तुला सोडायला."

"आणि 'माझी मागून आहे'?"

"तू चढलीस की परत जायचो. चालत. लांब नाही फारसं."

"म्हणजे ओहोटी तुला काही नडतच नव्हती?"

"तुला नडायची ना." त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "मी तिथी बघून इकडे यायचो. मावशी म्हणायची, एवढी तिथी बघतोस, उपास करतोस की काय..."

मला हसावं की एक ठेवून द्यावी ते कळेना. इतके महिने मी समजत होते, हासुद्धा माझ्यासारखाच अडकलेला आहे. मी लाँचसाठी थांबायचे. तो माझ्यासाठी थांबायचा. बाबा शेजारी आहेत हे मी विसरूनच गेले.

"मग बोलला का नाहीस, मूर्खा?"

"काल बोलणार होतो. ते भाषण..."

"मग आता बोल."

त्याने बाबांकडे बघितलं. बाबा त्याच्याकडेच बघत होते. "कल्पिता," तो म्हणाला, "पालीवाल्यांना हो म्हणू नकोस. मला तू हवी आहेस. माझा ट्रक नाही. काचा आहेत, आणि त्याही दुकानाच्या."

"बाबा," मी म्हटलं, "मला हा पाहिजे. तुम्ही नोकरी सोडायला सांगितलीत तर सोडीन. पण उद्या मी पालीवाल्यांपुढे चहा घेऊन येणार नाही. आणि काल मी तुमच्याशी खोटं बोलले ते चुकलंच. पुन्हा नाही बोलणार."

बाबांनी मागे बांधलेले हात सोडले. मग त्यांनी निकेतला विचारलं, "लगीन झाल्यावर बी ही सांगल तसंच पानी चढनार-उतरनार का?"

"प्रयत्न करीन काका."

बाबांच्या मिशीत काहीतरी हललं. खिशातून फोन काढून ते बाकावर टेकले. त्यांच्या फोनचा आवाज नेहमीच एवढा मोठा असतो की पलीकडचं बोलणं अख्ख्या पडवीला ऐकू जातं. इथे ते अख्ख्या गॅलरीला गेलं.

"कमळ, पालीवाल्यांना फोन लाव. उद्या येऊ नका म्हनावं."

"आवो! काय कारन सांगू?" आईचा आवाज.

बाबा थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग समोरच्या चित्राकडे. "सांग, उधान हाय. रस्त्यावर पानी येतंय."

"उद्या दशमी!" आई ओरडली. "दशमीला कंचं उधान?"

"ती डोंगराकडची मानसं. त्यांना काय कलतंय? लाव तू फोन. बाकीचं घरी आल्यावर सांगतो."

त्यांनी फोन खिशात घातला. निकेतला म्हणाले, "पुढच्या रविवारी आईबापाला घेऊन ये. आन् मोजं चांगलं घालून ये." मग उठले, हात मागे बांधले आणि पलीकडच्या भिंतीवरची चित्रं बघायला निघून गेले.

आम्ही दोघं बाकावर बसलो. निकेतचा हात माझ्या हाताशेजारी होता. या वेळी मी करंगळीवर भागवलं नाही, सरळ हात धरला.

"सोमवारी येशील?" त्याने विचारलं. "सोमवारी ओहोटी नाही पण."

"येईन."

"आणि घरी काय सांगायचं?"

"निकेतबरोबर आहे, उशीर होईल, असं."

"हळू बोल ना..."

"का? खरंच सांगायचंय तर हळू कशाला?"

पलीकडच्या भिंतीपाशी बाबा एका चित्रात अगदी नाक घालून उभे होते. त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

"ऐकलं," ते म्हणाले.